बीव्हरच्या हंगामातला एक दिवस

मॅनहॅटनहून हडसन नदीनं उत्तरेला निघालं, की साधारण 240 किलोमीटरवर पश्चिम काठाला बेव्हरवाइक लागतं. आजचं ऑल्बनी ते हेच. साल 1660, महिना जुलै. गावाचं वय आठ वर्षं. डच वेस्ट इंडिया कंपनीचा इथला मुख्य कारभारी पेट्रुस स्टायव्हेसंट यानं 1652 मध्ये फोर्ट ओरांज या किल्ल्याभोवतीची जमीन रेन्सेलेर घराण्याच्या जहागिरीतून तोडून काढली आणि हे गाव बसवलं. वस्ती हजाराच्या आसपास. धंद्यानं कोणी सुतार, कोणी बेकर, कोणी लोहार. पण मे ते ऑक्टोबर जो तो व्यापारी. याच सहा महिन्यांत जंगलातून बीव्हर या प्राण्याची कातडी येतात. पुढं हिवाळ्यात नदी गोठते आणि सगळे हिशेबाच्या वह्या घेऊन शेकोटीशी बसतात.

आपला व्यापारी निनावी आहे. कोर्टाच्या नोंदी, करारपत्रं आणि अ‍ॅमस्टरडॅमला गेलेली पत्रं यांतून जी माणसं डोकावतात, त्यांच्यावरून घडवलेला, मधल्या फळीतला एक. दहाएक वर्षांपूर्वी कंपनीच्या नोकरीत आला, मुदत संपल्यावर इथंच राहिला. घर हांडेलारस्ट्राटवर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या रस्त्यावर. रस्त्याकडे तोंड करून उभी अरुंद तिकोनी भिंत, मागं लांबलचक परसू. 1639 नंतर कंपनीनं कातड्यांची मक्तेदारी सोडली, म्हणून याला स्वतःच्या नावानं व्यापार करता येतो. भांडवल मात्र अ‍ॅमस्टरडॅमचं, उधारीचं.

पहाटे 4

रात्रपहाऱ्याचा खुळखुळा आता थांबलाय. गेल्या वर्षी गावानं दोन माणसं या कामावर ठेवली. लाकडी खुळखुळा वाजवत ती कोपऱ्याकोपऱ्यावर वेळ पुकारतात. दोघांचा मिळून पगार 1100 गिल्डर शंखमण्यांत आणि 100 गिल्डर बीव्हरमध्ये. पगार असा दोन चलनांत का, ते दुपारी वही उघडल्यावर कळेल.

उजाडायला लागलं की व्यापारी आधी परसात डोकावतो. घराच्या मागं एक लहानशी खोली आहे, जंगलातून येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मुक्कामासाठी. अशी खोली गावात अनेकांच्या परसात दिसते. काल संध्याकाळी तिथं मोहॉक या मूळनिवासी जमातीतले तिघं उतरले. तिघंही आहेत, गठ्ठेही उशाशी आहेत, हे पाहून त्याचा जीव भांड्यात पडतो. रात्रीतून शेजाऱ्यानं फूस लावून नेलेले नाहीत. खोलीचं भाडं कोणी मागत नाही. आपल्या परसात झोपलेला माणूस सकाळी आपल्याच दारातून आत येईल, एवढ्या आशेवर ती बांधलेली आहे.

सकाळी 6

घरच्यांना पाव, लोणी आणि हलकी बिअर. चहा-कॉफी अजून या घरांत शिरलेली नाही. पाहुण्यांपुढं मक्याच्या पिठाची लापशी येते. ती मुळात त्यांचीच; डचांनी तिच्यात दूध ओतलं आणि ‘सापान’ म्हणून आपलीशी केली. पांढऱ्या पावावरून मात्र गावात कायम भांडण. हंगामात बेकर मंडळी गव्हाचं पीठ गोड केक आणि पांढऱ्या पावात घालतात, कारण मोहॉक गिऱ्हाईक त्याला चढा दाम देतं. गावकऱ्यांच्या वाट्याला जाडाभरडा पावही वेळेवर येत नाही. कोर्टानं मनाई केली, दंड ठोठावले. बेकर दंड भरतात आणि भट्टी पेटवतात.

नाश्ता आटोपला की माल मांडायचा. सगळ्यात पुढं डफल, म्हणजे जाड लोकरी कापड. रंग निळा नाहीतर करडा. लाल कापड शिकारीत लांबून दिसतं आणि सावज बिथरतं, असं गिऱ्हाईक सांगतं, हे कंपनीच्या अधिकाऱ्यानं 1626 मध्येच हॉलंडला कळवून ठेवलं होतं. तेव्हापासून विणकरानं काय रंगवावं हे जंगलातला शिकारी ठरवतो. त्याच्या शेजारी तांब्या-पितळेची पातेली, कुऱ्हाडी, सुऱ्या, आऱ्या. पातेलं जुनं झालं तरी वाया जात नाही. ते कापून बाणांची टोकं आणि दागिने करतात. बंदुकीची दारू आणि शिसं आतल्या खोलीत. ती विकण्यावर कागदोपत्री कडक बंदी होती, एके काळी तर देहदंडाची. मोहॉकांच्या खांद्यावर बंदुका कशा आल्या, हे कोणी कोणाला विचारत नाही.

सकाळी 8

भवानी होण्याची वेळ. तिघांपैकी थोरला आपला गठ्ठा सोडतो आणि व्यापारी पहिलं कातडं हातात घेतो.

नवखा माणूस इथं हमखास फसतो. चकचकीत, कोरं कातडं त्याला उत्तम वाटतं. जाणता व्यापारी मळकं, तेलकट, वर्ष-दीड वर्ष कोणीतरी अंगावर पांघरलेलं कातडं शोधतो. बीव्हरच्या अंगावर दोन थर असतात: वर लांब राठ केस, खाली दाट मऊ लव. टोपीवाल्याला हवी असते ती लव. तिचा नमदा होतो आणि नमद्याची टोपी. पांघरून पांघरून राठ केस झडतात आणि अंगाच्या तेलानं लव मुरते, म्हणजे शिकाऱ्याच्या कुटुंबानं कारागिराचं अर्धं काम वापरता वापरता केलेलं असतं. कोरी कातडी मात्र अ‍ॅमस्टरडॅमहून आधी रशियाला जातात. राठ केस काढून लव राखायचं कसब तिथल्या कारागिरांच्या हातात आहे.

व्यापारी फुंकर मारून लव दुभंगतो, मुळाशी पाहतो. अंगठा कडेनं फिरवतो: कसर लागली आहे का, सुरी कुठं आरपार गेली आहे का. कातडं उलटं करून खरवडलेली बाजू उजेडात धरतो. मग तीन ढीग: पूर्ण, अर्धं आणि ‘ड्रीलिंग’ म्हणतात ते लहान कातडं. पूर्ण, विक्रीयोग्य बीव्हरचा हिशेबी भाव 8 गिल्डर.

गिऱ्हाईकही तितकंच चोखंदळ. पातेलं उचलून वजनाचा अंदाज घेतं, कापड ताणून पाहतं, माप घेताना व्यापाऱ्याच्या हाताकडे डोळे लावून बसतं. बोलणं मोडक्यातोडक्या बाजारी भाषेत आणि बोटांवर. मोहॉक भाषा नीट बोलणारे डच अगदी थोडे. थोरला पाच पूर्ण आणि दोन अर्धी कातडी देतो आणि डफल व एक पातेलं घेतो. धाकटा आपला गठ्ठा पुन्हा बांधतो आणि शेजारच्या घरचा भाव बघायला निघतो. व्यापारी हसून दार धरतो. आतून त्याचा तिळपापड झालेला असतो.

सकाळी 10

रस्त्यावर आरडाओरडा. पश्चिमेच्या पाइनच्या रानातून एक टोळी येतेय आणि तिच्या आजूबाजूला चार-पाच गावकरी आपल्या मालकाच्या घराकडे हात दाखवत धावताहेत. हे दलाल. गावात वाट बघत बसण्यापेक्षा रानात पुढं जाऊन गिऱ्हाईक गाठायचं, हातात भेटवस्तू कोंबायची, आणि नाहीच ऐकलं तर गठ्ठाच खांद्यावर घेऊन पळायचं. मग गठ्ठ्याचा मालक आपसूक मागं येतो. प्रसंगी मारहाणही होते.

या दलालीवरून मे-जूनमध्ये गाव दुभंगलं. बड्या व्यापाऱ्यांनी कोर्टात अर्ज दिला, की रानात माणसं पाठवणं बंद करा. छोट्यांचा उलट अर्ज: बड्यांची घरं मोठी, माल भरपूर, त्यांच्याकडे गिऱ्हाईक आपोआप जातं; आम्ही रानात गेलो नाही तर खायचं काय? दोन्ही बाजूंचं म्हणणं वहीत उतरलं, हुकूम निघाले आणि रानातली धावपळ चालूच राहिली. आपला व्यापारी चारचौघांत दलालीला नावं ठेवतो. त्याचा पुतण्या मात्र सकाळपासून घरात नाही, आणि तो कुठं गेलाय हे घरात कोणी विचारत नाही.

याच महिन्याच्या अखेरीस स्टायव्हेसंट स्वतः फोर्ट ओरांजला येतो, तेव्हा पश्चिमेकडच्या सेनेका जमातीचे लोक त्याच्यापुढं गाऱ्हाणं मांडतात: आम्हाला एकाच घरात अडकवून ठेवू नका, कातडी कुठं विकायची ते आमचं आम्ही ठरवू, आणि बंदुकीची दारू हात आखडता न घेता द्या. खुल्या बाजाराची बाजू त्या दिवशी सर्वांत स्वच्छ मांडली ती त्यांनी.

दुपारी 12

मुख्य जेवण. एका भांड्यात शिजवलेलं मांस आणि कंदमुळं, पाव, बिअर. वर चिमूटभर मिरपूड, कारण घर हॉलंडचं आहे आणि हॉलंडच्या दुसऱ्या कंपनीची, ईस्ट इंडियावाल्यांची, वखार आपल्या वेंगुर्ल्याला 1637 पासून उभी आहे. एकाच शहरातल्या सावकारांचा पैसा कोकण किनाऱ्यावर मिरी विकत घेत होता आणि हडसनच्या काठावर बीव्हर.

जेवताना बायको सकाळचा ताळेबंद सांगते. ती नुसती ऐकून सांगत नाही. शेजारणीला विकलेलं कापड, बेकरची थकबाकी, परसातल्या पाहुण्यांचा पाहुणचार हा तिचा कारभार. नवरा कातडी घेऊन मॅनहॅटनला गेला की दोन-तीन आठवडे दुकान तीच चालवते. डच कायद्यात बाईला स्वतःच्या नावानं व्यापार करता येतो, करार करता येतो, कोर्टात उभं राहता येतं, आणि नवरा-बायको मिळून एकच मृत्युपत्र करतात. मागच्याच वर्षी, 1659 मध्ये, मार्गारेट हार्डेनब्रुक नावाची तरुणी नातेवाइकाची व्यापारी प्रतिनिधी म्हणून मॅनहॅटनला उतरली. पुढं ती स्वतःच्या जहाजांची मालकीण झाली. समुद्रात पडलेला एक फडका परत मिळवण्यासाठी तिनं जहाज वळवायला लावलं, असं 1679 मध्ये तिच्यासोबत प्रवास करणाऱ्या यास्पर डांकार्ट्सनं चडफडत लिहून ठेवलंय. इंग्रजी कायदा आल्यावर लग्न झालेल्या बायकांचे हे हक्क आक्रसले.

दुपारी 2

वही. खरी डोकेदुखी इथून सुरू होते, कारण गावात पैसे तीन प्रकारचे.

पहिला हॉलंडचा गिल्डर. तो अ‍ॅमस्टरडॅमच्या वहीत असतो, इथं हाताला लागत नाही. दुसरा बीव्हर. घर विकायचं, नोकर ठेवायचा, कर्ज घ्यायचं, तर करारात लिहितात: ‘चांगल्या, पूर्ण, विक्रीयोग्य बीव्हरमध्ये’. तिसरे शंखमणी. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरचे लोक शंख-शिंपल्यांचे पांढरे आणि काळपट जांभळे मणी घासून, भोक पाडून ओवतात. काळ्याची किंमत पांढऱ्याच्या दुप्पट. आतल्या मुलखात त्यांना मान आहे: तह, शोक, लग्न, सगळं त्यांच्यावर चालतं. डचांनी त्यांची चिल्लर करून टाकली. 1650 मध्ये सहा पांढऱ्या मण्यांना एक स्टायव्हर असा भाव होता; 1657 च्या अखेरीस तो आठ मण्यांवर उतरवावा लागला. वीस स्टायव्हरांचा एक गिल्डर. म्हणजे एका बीव्हरला सरकारी भावानं 1280 पांढरे मणी होतात. बाजारात तेवढ्याला कोणी बीव्हर देत नाही. निदान दुप्पट मोजावे लागतात. न्यू इंग्लंडकडून कच्च्या, न घासलेल्या मण्यांचा पूर आलाय, आणि चिल्लर वाढली की तिचं जे होतं तेच झालंय.

म्हणून व्यापारी बीव्हर आत ओढतो आणि मणी बाहेर ढकलतो. पावाचे पैसे मण्यांत, मजुरी मण्यांत, चर्चच्या पेटीतलं दानही मण्यांत. पहारेकऱ्यांनी 100 गिल्डर तरी बीव्हरमध्ये मागून घेतले, यात त्यांचा शहाणपणा दिसतो.

वही झाली की अ‍ॅमस्टरडॅमला पत्र. उधारीवर माल पाठवणारी डे वोल्फ, फेरब्रुग्गे अशी बडी घराणी तिथं बसली आहेत. मालावर त्यांचा नफा आधीच चढलेला, जहाजाचं भाडं आणि समुद्राची जोखीम वेगळी. पत्रातला मजकूर दरवर्षी तोच: व्यापार मंद आहे, मोहॉकांची लढाई चालू आहे, पुढच्या जहाजानं नक्की. जहागिरीचा कारभारी येरेमियास फान रेन्सेलेर याच्या पत्रांतही हेच रडगाणं सापडतं, आणि ते नुसतं कांगावखोर नाही. 1657 च्या एका हंगामात फोर्ट ओरांजहून 40,000 च्या वर कातडी मॅनहॅटनला गेली. त्यानंतर तो बहर पुन्हा आला नाही, आणि हॉलंडमध्ये भावही उतरला.

दुपारी 4

धक्क्यावर एक शिडाची होडी उभी आहे. वारा लाभला तर मॅनहॅटनला तीन दिवस, नाहीतर आठवडा. कातडी पेट्यांत आणि पिंपांत भरलेली, प्रत्येकीवर मालकाची खूण. व्यापारी स्वतः उभा राहून पेट्या चढवून घेतो, कारण पाणी मुरलं की माल कुजतो. चार वर्षांपूर्वी गावानं चर्च बांधलं आणि व्यासपीठासाठी वर्गणी म्हणून 25 बीव्हर हॉलंडला पाठवले. पोचेपर्यंत त्यांची दशा अशी झाली, की कंपनीच्या संचालकांना पदरचे 75 गिल्डर घालावे लागले. व्यासपीठ आलं, ऑल्बनीच्या चर्चमध्ये ते आजही आहे.

धक्क्यावरच्या गाड्या, घोडे, ओझी यांत काही माणसं अशी आहेत ज्यांना मजुरी मिळत नाही. या वसाहतीत गुलाम कंपनीकडेही आहेत आणि घरांतही. येरेमियासच्या पत्रांत अँड्रीस नावाच्या गुलामाचा उल्लेख येतो. तो घोड्यांची निगा उत्तम राखतो, असं मालकच लिहितो. अँड्रीसनं काय लिहिलं असतं, ते लिहायची सोय कोणी ठेवली नाही.

संध्याकाळी 6

गुत्ता भरला आहे. चिलमीच्या मातीच्या नळ्या, बिअरचे मग, दिवसभराच्या भावांची उजळणी. हिवाळ्यात हेच लोक रस्त्यात काठीनं चेंडू टोलवत ‘कोल्फ’ खेळतात. खिडक्यांच्या काचा इतक्या फुटल्या की गेल्या डिसेंबरात कोर्टाला रस्त्यातला खेळ बंद करावा लागला.

ब्रँडी मोहॉकांना विकायला बंदी आहे आणि ती विकली जाते. गेल्या सप्टेंबरात मोहॉकांचे म्होरके फोर्ट ओरांजच्या कोर्टात आले आणि म्हणाले: आमच्या लोकांना ब्रँडी देणं थांबवा, आमच्या बंदुका वेळेवर दुरुस्त करून द्या, रानात आमच्या माणसांना मारू नका. मग त्यांनी वर्मावर बोट ठेवलं. तुम्ही म्हणता आपण भाऊ, साखळीनं जोडलेले. पण हे भाऊपण आमच्याकडे बीव्हर असेपर्यंतच टिकतं, ते संपले की आमची कोणाला आठवण राहत नाही. उत्तरादाखल गावातून एक शिष्टमंडळ मोहॉकांच्या काघ्नुवागे या तटबंद गावी गेलं. येरेमियासही त्यात होता. भेटी दिल्या, बंधुत्वाच्या शपथा घेतल्या. पुढच्या हंगामात पुन्हा तीच धावपळ.

गुत्त्यातले लोक मुद्दाम दुष्टपणा करायला निघालेले नाहीत. प्रत्येकाच्या मानेवर अ‍ॅमस्टरडॅमची उधारी आहे, हंगाम सहा महिन्यांचा आहे, आणि कातडी दरवर्षी कमी येताहेत. तिथल्या सावकाराची घाई व्यापाऱ्याच्या अंगात येते, व्यापाऱ्याची दलालाच्या, आणि दलालाची लाथ होऊन ती शिकाऱ्याला बसते. ज्याच्यावाचून यांच्यापैकी एकाचंही दुकान चालणार नाही, मार नेमका त्यालाच.

रात्री 9

डच आणि एसोपस जमात यांच्यातल्या लढाईच्या धास्तीनं गावाभोवती लाकडी तट उभारलाय. त्याचे दरवाजे लागतात. पुतण्या परत आलाय, शर्ट फाटलेला, हात रिकामे. व्यापारी रोजमेळ लिहितो: पाच पूर्ण, दोन अर्धी, एकूण 48 गिल्डर. त्यातून कापडाची आणि पातेल्याची उधारी, होडीचं भाडं, मॅनहॅटनला कंपनीचा निर्यात कर. नफा किती, ते अ‍ॅमस्टरडॅमचं उत्तर आल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी. कातडी कोणी आणली, ते वहीत नाही. रोखठोक अदलाबदल झाली, नाव लिहायचं कारण काय?

चार वर्षांनी, 1664 च्या सप्टेंबरात, इंग्रजांनी गाव घेतलं आणि त्याचं नाव ऑल्बनी ठेवलं. व्यापारी तेच राहिले, वह्या डचमध्येच राहिल्या. 1695 ते 1726 या काळातली एफर्ट वेंडेल याच्या घराण्याची अशी एक वही आज छापून उपलब्ध आहे, आणि तिच्यात शिकाऱ्यांच्या नोंदी शेकड्यांनी आहेत. काहींनी तर स्वतःची चित्रंही काढली आहेत. नोंद आली कारण कातडी विरळ झाली होती, आणि गिऱ्हाईक बांधून ठेवायला माल उधार द्यावा लागत होता. 1659 मध्ये मोहॉकांनी आठवण राहत नसल्याची तक्रार केली होती. पुढच्या पिढीच्या व्यापाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवली, ऋणको म्हणून.